प्रयोगशाळेतील एक वर्ष

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावे असा निरोप घेऊन चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी कणीक मळत होते. मी म्हटले, "बाई, माझ्याजवळ सांगण्यासारखे काय आहे? मी ना पुढारी, ना लेखिका. बी.एस्सी.चे एक वर्ष केले आणि घरी बसले." त्या म्हणाल्या, "तेच एक वर्ष सांगा." तेव्हा त्या एका वर्षाची हकीकत सांगून मी आपली रजा घेणार आहे.

नेसरी म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रतापराव गुजर आणि त्यांच्याबरोबरचे सहा वीर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ ही तारीख आपल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. तलवार घेऊन शत्रूवर तुटून पडण्याचे ते धैर्य फार मोठे; त्याच्याशी बरोबरी कोण करील! परंतु पस्तिसाव्या वर्षी, खांद्याला पिशवी अडकवून, सतरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींत बाकावर जाऊन बसायलाही थोडे धैर्य लागते. हसू नका. एकदा बसून पाहा म्हणजे कळेल.

१९८७ साली मी गडहिंग्लजला मामांकडे राहून शास्त्र शाखेतून बारावी झाले. दुसऱ्या वर्षी लग्न होऊन ह्या गावात आले. १९८९ ला थोरली झाली, १९९१ ला मधली, १९९४ ला धाकटी. तिन्ही मुली. धाकटीच्या बारशाला, पाळण्याची दोरी हातात असतानाच, नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "हिच्या कुशीत मुलींचीच खाण आहे." बारशाला आलेल्या बायकांपैकी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. पुढे अंगारे झाले, नवस झाले, कोणा वैदूची मुळी दुधातून झाली. ह्यांनी दुसरे लग्न करावे असेही कोणी कोणी सुचवून पाहिले. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तोंडाने कधी टोचले नाही; पण सकाळी उठल्यावर माझ्याकडे न पाहता त्या सरळ गोठ्यात जात. त्या न पाहण्याचे दुःख बोलण्यापेक्षा जास्त होते.

प्रांजळपणे सांगते, मी कोणालाच दोष देत नव्हते, कारण मलाही तसेच वाटत होते. आता तुम्ही म्हणाल, बारावी शास्त्र झालेल्या बाईला असे कसे वाटले? तर ऐका. मुलगा की मुलगी हे कशावर ठरते, ते पान माझ्या पुस्तकात होते. मी ते पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते, त्याचे गुणही मिळवले होते. परंतु ते ज्ञान उत्तरपत्रिकेत ठेवून मी परीक्षेच्या खोलीतून बाहेर पडले. घरी काही ते आणले नाही. पाठ केलेले आणि पटलेले ह्यांत केवढे अंतर असते, हे मला पुढे सतरा वर्षांनी प्रयोगशाळेत समजले.

२००४ साली धाकटी दहा वर्षांची झाली. थोरलीचा अभ्यास घेता घेता मला पुन्हा पुस्तकाची गोडी लागली होती. एके रात्री जेवताना मी ह्यांना म्हटले, "मी कॉलेजात नाव घालू का?" ह्यांना वाटले, मी चेष्टा करते आहे. चेष्टा नव्हे हे कळल्यावर ते दोन दिवस काही बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून प्रवेशाचा अर्ज घेऊन आले. मध्ये सतरा वर्षे शिक्षण का सुटले होते, ह्याचे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले. कारणाच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न पडला. शेवटी 'संसार' एवढेच लिहिले. कारकुनाने हसून शिक्का मारला.

पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, धारा काढायच्या, मुलींचे डबे भरायचे आणि एसटी गाठायची. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे मुख्य विषय. सकाळी तासिका, दुपारी प्रात्यक्षिके. वर्गातली मुले मला 'काकू' म्हणत. आधी संकोचाने, मग हक्काने. माझ्या डब्यातली चटणी-भाकरी संपू लागली तेव्हा मी ओळखले की आपल्याला वर्गात घेतले!

आता प्रयोगशाळेविषयी. पांढरा अंगरखा, चिमटा-कात्री-सुयांची पेटी आणि नोंदीची जाड वही, जिला तिथे सगळे 'जर्नल' म्हणतात, एवढी सामग्री. पहिल्या दिवशी कांदा आणायला सांगितले होते. मी मनात म्हटले, कांदा चिरायला कॉलेजात कशाला यायचे? पण कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा तो पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला, वर पातळ झाकणी ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही दिसेना. आरसा खिडकीकडे वळवला, स्क्रू फिरवला, आणि एकदम एक सुंदर गोल, काळ्या काठाची, चकचकीत आकृती पुढे आली. मी हरखून गेले. पाऊण तास खपून पेन्सिलीने ती जर्नलमध्ये उतरवली, छायासुद्धा दिली आणि खाली लिहिले, 'कांद्याची पेशी'.

आमच्या सरांनी आकृती पाहिली, मग सूक्ष्मदर्शकात पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, आकृती फार छान आहे. पण हा हवेचा बुडबुडा आहे." सगळी बॅच खो खो हसली. मीही हसले, पण कान तापले. दुसऱ्या आठवड्यात चूक नको म्हणून मी शहाणपणा केला. पुस्तकातली आकृती पाहून तीच नीट उतरवली. सरांनी सही केली नाही. म्हणाले, "पुस्तकातली आकृती मला पाठ आहे. तुम्हांला काय दिसले ते काढा. बुडबुडा दिसला तर बुडबुडा काढा, पण तसे लिहा."

भगिनींनो, ह्या एका वाक्यासाठी माझी वर्षाची फी वसूल झाली असे मी समजते. आपल्या आयुष्यात आपण किती गोष्टी दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या असतात! आणि हे काही आपल्यासारख्या अडाण्यांचेच होते असे नाही. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, तर ४८, असे १९२०च्या दशकापासून मोठमोठ्या पुस्तकांत छापले जात होते. तीसहून अधिक वर्षे विद्वान लोक सूक्ष्मदर्शकातून पाहत होते आणि ४८ मोजत होते. १९५६ साली स्वीडनमध्ये काम करणाऱ्या त्यो आणि लेव्हान ह्या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की ती ४६ आहेत. गुणसूत्रे काही बदलली नव्हती. पुस्तकात ४८ होते म्हणून डोळ्यांनाही ४८ दिसत होते.

वनस्पतिशास्त्रात मात्र काकूंची चलती होती. सहलीला गेलो की शहरातल्या मुलांना सगळेच 'गवत' दिसे. मला आघाडा, कुरडू, माठ, टाकळा, माका सगळे ओळखीचे. पण ओळख म्हणजे ज्ञान नव्हे, हेही तिथेच कळले. आघाडा, कुरडू आणि भाजीचा माठ ही एकाच कुळातली भावंडे, हे मला कुठे ठाऊक होते? आपली जवारी मिरची, वांगे, बटाटा, टोमॅटो आणि तंबाखू हेही एकाच घरातले. मिरचीचे आणि वांग्याचे फूल सुईने उलगडून शेजारी शेजारी ठेवा, बांधणी तीच. इतकी वर्षे ही फुले मी बांधावर पाहत होते. उलगडून कधी पाहिली नव्हती. सरांच्या टेबलावर यादव आणि सरदेसाई ह्यांचा कोल्हापूर जिल्ह्यातील वनस्पतींवरचा जाड ग्रंथ असे. तो २००२ साली प्रसिद्ध झाला होता. आपल्या जिल्ह्याच्या रानावर एवढा मोठा ग्रंथ होतो, ह्याचाच मला अभिमान वाटला. आणि अजून सगळे पाहून झाले आहे असेही समजू नका. आपली हिरण्यकेशी जिथे उगम पावते, त्या आंबोलीच्या देवळापाशी, शास्त्राला अज्ञात असलेला एक लहानसा मासा २०२० साली नोंदवला गेला. त्याला नदीचेच नाव मिळाले. माणसे तिथे किती पिढ्या दर्शनाला जात असतील! मासा पाण्यात होताच; पाहणारे कोणी नव्हते.

प्राणिशास्त्रात पहिली परीक्षा गांडुळाने घेतली. नांगराच्या तासात हजार गांडुळे पाहिलेली मी, पण मेणाच्या तबकात ते टाचण्यांनी टाचायचे तेव्हा हात थरथरला. पोटाच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यासारखी त्याची मज्जारज्जू दिसली तेव्हा मनोमन हात जोडले. आता विद्यार्थ्यांना हे करावे लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली पदवीच्या वर्गांतून प्राण्यांचे विच्छेदन थांबवण्यास सांगितले, हे बरेच झाले. त्या दिवशी सरांनी सांगितले की एकाच गांडुळाच्या अंगात नर आणि मादी ही दोन्ही अंगे असतात. मग ओघाने बोलणे निघाले. कासवांच्या पुष्कळ जातींत, सुसरींत, नर की मादी हे अंडी ज्या वाळूत पुरली तिच्या उबेवर ठरते. कोंबड्यांत ते मादीच्या अंड्यावर ठरते. "आणि माणसात?" असे सरांनी विचारले. पुढच्या बाकावरच्या मुलींनी धडाधड उत्तर दिले. मीही पुटपुटले. पाठच होते ना!

त्यानंतर कांद्याच्या मुळांचे प्रात्यक्षिक आले. पाण्याच्या भांड्यावर कांदा ठेवला की तीन-चार दिवसांत खाली मुळांची दाढी फुटते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. त्या मुळांची कोवळी टोके कापून, आम्लात जराशी कोमट करून, रंग देऊन काचेखाली अंगठ्याने दाबायची. मग एकेका पेशीत काळसर दोऱ्यांचे तुकडे दिसतात. तीच गुणसूत्रे. कांद्याची १६. ती दुभंगतात, दोन्हीकडे सरकतात आणि एका पेशीच्या दोन होतात. घरी परतताना एसटीत मी हातातल्या भाजीच्या पिशवीकडे पाहत होते. आत कांदेच होते.

आणि मग तो दिवस आला, ज्यासाठी मी आज उभी आहे. सरांनी सांगितले, चूळ भरा आणि लाकडी काडीच्या बोथट टोकाने आपल्याच गालाची आतली बाजू हलकेच खरवडा. ते काचपट्टीवर पसरले, ॲसिटो-ऑर्सिन नावाचा रंग दिला आणि पाहू लागलो. माझ्याच गालातल्या पेशी! फरशीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांसारख्या, मध्ये गर्द केंद्रक. "केंद्रकाच्या काठाशी चिकटलेला एक बारीक, अधिक गडद ठिपका शोधा. सगळ्याच पेशींत दिसणार नाही, धीर धरा," असे सर म्हणाले. बऱ्याच पेशी धुंडाळल्या. पुन्हा बुडबुडा काढायचा नव्हता. शेवटी एका पेशीत तो दिसला. मग दुसरीत दिसला. शेजारच्या मुलींनाही सापडला. मुलांच्या टेबलावर मात्र कोणालाच सापडेना. एक जण म्हणाला, "सर, आमचा रंग खराब आहे." सर हसले. म्हणाले, "रंग चांगला आहे. तो ठिपका तुमच्याजवळ नाहीच."

त्या ठिपक्याला कॅनडातले शास्त्रज्ञ मरे बार ह्यांच्या नावाने ओळखतात. १९४९ साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने तो प्रथम मांजरीच्या पेशीत पाहिला. अर्थ असा : माणसाच्या ४६ गुणसूत्रांत दोन गुणसूत्रे मुलगा-मुलगी ठरवणारी. बाईजवळ दोन्ही एकाच जातीची, एक्स आणि एक्स. पुरुषाजवळ एक एक्स आणि एक वाय. बाईच्या दोन एक्सपैकी एक गुंडाळून बाजूला पडलेले असते. तोच तो ठिपका. अपत्याला आईकडून एक मिळते, बापाकडून एक मिळते. आईकडून एक्सच येणार. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा.

हे सारे मला पाठ होते म्हणून मघाशी सांगितलेच. परंतु डोळा त्या नळीला लावलेला असताना माझ्या मनात एकच विचार आला. माझ्याजवळ दोन्ही एक्सच आहेत. हे मी पुस्तकात वाचत नाही, माझ्याच गालात पाहते आहे. मग जी वस्तू माझ्याजवळ कधी नव्हतीच, ती मी माझ्या लेकरांना कुठून देणार होते? दहा वर्षे मी ज्या अपराधासाठी मान खाली घालून वावरले, तो अपराध करणे मला शक्यच नव्हते! काच धूसर झाली. शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, फोकस गेला का?" मी म्हटले, "हो गं, जरा गेला."

त्या तासाला सरांनी एका बाईची गोष्ट सांगितली, तीही सांगते. तिचे नाव नेटी स्टीव्हन्स. अमेरिकेतल्या एका सुताराची मुलगी. शाळेत शिकवून पैसे साठवले आणि १८९६ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, विद्यापीठात नाव घातले. पस्तिसाव्या! मी बाकावर सावरून बसले. पुढे फिलाडेल्फिया शहराजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात तिने संशोधन केले. कशावर? तर धान्यात आणि पिठात वाढणाऱ्या एका किड्यावर. आपण पीठ चाळताना जो तांबूस किडा फेकतो, त्याच्याच कुळातला तो. तिला आढळले की मादीच्या पेशीत वीसही गुणसूत्रे मोठी असतात. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक लहान. ते लहान म्हणजेच पुढे ज्याला वाय म्हणू लागले ते. १९०५ साली तिने हे छापले. विल्सन नावाच्या मोठ्या संशोधकांनीही त्याच सुमारास तेच शोधले आणि नाव बरेचसे त्यांचेच झाले. १९१२ साली, पन्नाशीतच, ती वारली. हजारो वर्षांचा बाईवरचा ठपका पुसणारे काम एका बाईने पिठातल्या किड्यावरून केले, आणि ज्यांच्यावरचा ठपका पुसला त्यांतल्या बहुतेकींना तिचे नावही ठाऊक नाही.

त्याच फिलाडेल्फियात, तिच्या अगोदर वीस वर्षे, आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली, १८८६ साली. आपल्यापैकी पुष्कळजणींना हे माहीत असेल. पण तिची नेमणूक आपल्या कोल्हापूरला, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागात झाली होती, हे किती जणींना माहीत आहे? आज आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो तेच ते. ती कामावर रुजू व्हायच्या आतच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास गेली. वय बावीसही पुरे नव्हते. कोल्हापूरच्या बायकांनी केवढे गमावले, असे मनात येते.

असो. त्या दिवशी संध्याकाळी घरी आले. आत्ती जोंधळ्याचे पीठ चाळत होत्या आणि मी चुलीपाशी बसून जर्नलमधली आकृती पुरी करत होते. त्यांनी विचारले, "ते काय काढतीस?" मी म्हटले, "माझ्या गालातलं आहे, आत्ती." आणि मग जमेल तसे सगळे सांगितले. भीत भीतच. हे ओसरीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे सगळं माझ्या अंगावर आलं की!"

आत्ती चाळण थांबवून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यात नवल काय? रानात जोंधळा पेरला तर भात कसा उगवंल? रान बिचारं काय करंल? जे पडंल ते वाढवतंय." आयुष्यात एक अक्षर न शिकलेली ती बाई, पण सरांना अर्धा तास लागला ते तिने एका वाक्यात सांगितले. मग मी कोंबडीचेही सांगितले. त्यावर म्हणाल्या, "म्हंजे मानसाचं बापावर आनी कोंबडीचं कोंबडीवर. मग माझ्या सासूनं मला कोंबडीच समजलं हुतं म्हनायचं!" आम्ही तिघेही हसलो. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ह्यांच्या आधी आत्तींना चार मुली झाल्या होत्या. चौथीच्या वेळी बाळंतिणीला कोणी तूप-खोबरे दिले नव्हते, हे त्यांनी त्या रात्री प्रथम सांगितले. "मला हे तवा कुनी सांगितलं असतं तर..." एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा पीठ चाळू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात जाताना त्या माझ्या दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "एसटी चुकंल, ऊठ."

पण भगिनींनो, इथेच थांबले तर मी तुम्हांला बुडबुडा दाखवून पेशी म्हटले असे होईल. दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत.

पहिली अशी की, ठपका बाईवरून काढून पुरुषावर टाकायचा, हेही शास्त्र नव्हे. बापाच्या शुक्रपेशींत साधारण निम्म्या एक्स नेणाऱ्या, निम्म्या वाय नेणाऱ्या. कोणती पोचेल हे त्याच्याही हातात नाही. आणि खरे विचाराल तर, मुलगी होणे हा दोषच नव्हे. मग तो कोणाचा हा प्रश्न राहतोच कुठे?

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. ज्ञान आले म्हणजे माणूस आपोआप शहाणा होतो असे नाही. २००१च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८३९. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता. निसर्गाच्या हिशेबाने त्या हजारामागे साडेनऊशेच्या आसपास असायला हव्यात. बाकीच्या कुठे गेल्या, हे मी सांगायला नको. गर्भलिंगनिदान बंद करणारा कायदा १९९४ साली झाला होता, तरीही हे घडत होते. आणि ती यंत्रे काही अडाण्यांनी चालवली नव्हती. चालवणाऱ्यांना एक्स आणि वाय माझ्यापेक्षा शंभरपट पाठ होते. पाठ होते, पटले नव्हते. तेव्हा नुसत्या शिक्षणावर विसंबू नका. शिकलेले घरी आणा, चुलीपाशी बसून बोला.

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षाची परीक्षा मी दुसऱ्या वर्गात पास झाले. प्रात्यक्षिकात गुण चांगले मिळाले. रसायनाने मात्र घाम काढला. जूनमध्ये आत्तींना अर्धांगवायू झाला आणि मी घरी राहिले. पदवी झाली नाही. त्याचे वाईट वाटत नाही असे म्हणाले तर ते खोटे होईल. पण ज्यांनी माझी एसटी चुकू दिली नाही, त्यांच्यासाठी एसटी सोडावी लागली, ह्यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते.

२०१४ साली थोरलीला मुलगी झाली. तिच्याही सासरी एका बाईंनी "पुढच्या खेपेला बघू" असे म्हटलेच. काळ तेवढा बदललेला नाही. मी माझे जर्नल पिशवीत घालून लेकीला देऊन आले. गालाच्या पेशीच्या पानावर खूण घालून. इकडे आत्ती खाटेवर होत्या, बोलणे नीट येत नव्हते. पणती झाल्याचे सांगितले तेव्हा ह्यांनी रीतीप्रमाणे बर्फी आणायची म्हणून पिशवी घेतली. आत्तींनी चांगला हात हलवून त्यांना थांबवले आणि दोनदा प्रयत्न करून एकच शब्द काढला, "पेढे." ते पेढे तुमच्यापैकी कितीतरी जणींनी खाल्ले आहेत. का वाटले होते ते आज सांगितले.

शेवटी एक विनंती करून थांबते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतो. प्रत्येकीच्या फडताळात दहा तरी असतील. एक वर्ष डबे राहू द्यात. त्या पैशांत आणि थोडी वर्गणी घालून मंडळाने विद्यार्थ्यांचा एक साधा सूक्ष्मदर्शक घ्यावा. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक सुनेने, लेकीने आणि सासूनेही, त्यातून आधी कांद्याचा पापुद्रा आणि मग आपल्याच गालातली पेशी पाहावी. काचपट्टी तयार करायला मी बसेन. ज्या मुलींना पुढे शिकायचे आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि पुष्कळ विषय घर सांभाळून शिकता येतात. परंतु जीवशास्त्राला प्रयोगशाळेत जावेच लागते. जावे. एसटी लवकरची असली तरी जावे.

आणि पहिल्या दिवशी बुडबुडा काढलात तर लाजू नका. मात्र त्याला पेशी म्हणू नका.